तुपावरचा आरोप



पुरणपोळीवर तुपाची धार धरावी की धरू नये, हा प्रश्न तसा स्वयंपाकघरातला. परंतु गेल्या पन्नास वर्षांत तो जगभरच्या वैद्यकीय परिषदांतही चर्चिला गेला आहे. एक पक्ष म्हणतो की तूप, लोणी, चरबी यांतील संपृक्त स्निग्धांशामुळे स्तनांचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतो. दुसरा पक्ष म्हणतो की आपले पूर्वज तूप खाऊनच धडधाकट राहिले, खरा घात केला तो डब्यातल्या तेलांनी. तुमच्या घरातही हे दोन पक्ष असतील. आजी तुपाची वाटी पुढे सरकवीत असेल आणि वडील मोबाइलवर आलेला निरोप वाचून ती मागे घेत असतील.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही या वादावर लिहावेसे वाटते, कारण हा वाद जितका आहाराचा आहे तितकाच मोजमापाचा आणि अनुमानाचा आहे. त्यात मात्र प्रयोगशाळेत लंबक मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाही बोलण्याचा अधिकार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. संपृक्त स्निग्धांशामुळे कर्करोग होतो हा आरोप आजवर सिद्ध झालेला नाही. पण ‘सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘निर्दोष ठरला’ असाही नाही. आणि या दोन वाक्यांच्या मधली जागा ओळखता येणे, हे तूप खाण्या-न खाण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. असे मी का म्हणतो ते आता पाहू.

संपृक्त म्हणजे काय?

तेल असो वा तूप, त्याचे रेणू मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. या साखळीतील प्रत्येक कार्बनने शक्य तितके हायड्रोजन धरून ठेवले असतील तर ते मेदाम्ल संपृक्त. साखळीत कोठे दुहेरी बंध असेल तर ते असंपृक्त. नैसर्गिक तेलांत अशा दुहेरी बंधापाशी साखळी वाकते. सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट रचता येतात, वाकड्या येत नाहीत. शेणीची रास रचताना वाकडीतिकडी शेणी आली की रास ढासळते ना, तसेच. म्हणून संपृक्त अंश जास्त असलेले तूप थंडीत थिजते आणि करडईचे तेल थिजत नाही.

मात्र कोणताही स्निग्ध पदार्थ पूर्णपणे एका जातीचा नसतो. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्ले सुमारे ९० टक्के, तुपात साधारण ६० टक्के, पामतेलात जवळजवळ निम्मी, आपल्या गोडेतेलात २० टक्क्यांच्या आतबाहेर, तर करडईच्या तेलात १० टक्क्यांहूनही कमी असतात. म्हणजे ‘तूप संपृक्त आणि तेल असंपृक्त’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. तुपाला घाबरणारा माणूस पामतेलात तळलेले फरसाण आणि पामतेलाचे बिस्किट निर्धास्तपणे खात असतो, हेही येथेच नोंदवून ठेवू.

एका आलेखाची करामत

आरोपाची सुरुवात उंदरांपासून झाली. १९४२ साली शिकागोतील डॉ. अल्बर्ट टॅनेनबाम यांनी दाखवले की जास्त स्निग्धांश दिलेल्या उंदरांच्या माद्यांत स्तनांच्या गाठी अधिक प्रमाणात होतात. पण या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते १९७५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका आलेखाने. कॅनडातील शास्त्रज्ञ केनेथ कॅरॉल यांनी आडव्या अक्षावर निरनिराळ्या देशांतील दरडोई स्निग्धांशाचा पुरवठा घेतला आणि उभ्या अक्षावर स्तनांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण. थायलंड, जपान हे देश खाली डाव्या कोपऱ्यात आले, तर नेदरलँड, डेन्मार्क, इंग्लंड वर उजव्या कोपऱ्यात. मधले बिंदू जवळजवळ एका रेषेत! प्राण्यांपासून मिळणारा स्निग्धांश वेगळा घेतला तर संबंध चांगला दिसे, वनस्पतिजन्य तेल घेतले तर दिसत नसे.

आलेख इतका सुबक होता की अनेकांना निकाल लागल्यासारखे वाटले. पण येथेच थांबून विचारले पाहिजे : डेन्मार्क आणि थायलंड या देशांत त्या काळी केवळ लोण्याचाच फरक होता काय? उत्पन्न, उंची, वजन, अंगमेहनत, लग्नाचे वय, मुलांची संख्या, सारेच वेगळे होते. यांतली कोणतीही गोष्ट आडव्या अक्षावर घेतली असती तरी आलेख पुष्कळसा तसाच आला असता.

लंबकाच्या प्रयोगात आपण काय करतो? लांबी बदलायची असेल तर गोळा तोच ठेवतो. गोळा बदलायचा असेल तर लांबी तीच ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशास्त्राचा पहिला धडा. देशादेशांची तुलना करताना हा धडा पाळताच येत नाही, कारण तेथे सर्वच गोष्टी एकदम बदललेल्या असतात.

मुंबई आणि बार्शी

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. एखाद्या शहरात किती लोकांना कोणता कर्करोग झाला याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा हा भारतातील पहिला प्रयत्न. या नोंदींवरून डॉ. डी. जे. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की मुंबईतील निरनिराळ्या समाजांपैकी पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. आता पारशी जेवणात लोणी, अंडी, मांस यांची रेलचेल. झाले तर! तुपावरच्या आरोपाला आयता साक्षीदार मिळाला.

पण त्याच समाजात स्त्रियांची लग्ने उशिरा होत, कित्येक अविवाहित राहत आणि मुले थोडी असत. १९७० साली ब्रायन मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील अनेक ठिकाणच्या स्त्रियांची पाहणी करून दाखवले होते की पहिले मूल जितके लवकर होते तितका पुढे हा धोका कमी असतो. आता सांगा, पारशी स्त्रियांच्या बाबतीत दोष लोण्याचा की उशिराच्या लग्नाचा? केवळ त्या आकड्यांवरून उत्तर देता येणार नाही.

दुसरी नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांची ही नोंदवही भारतातील ग्रामीण भागातली पहिली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा पुष्कळच कमी दिसले, आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मात्र स्त्रियांत सर्वांत अधिक. खेड्यात तेलतूप कमी, शहरात जास्त, म्हणून असे झाले काय? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण तर एक विषाणू आहे, आणि तो शोधल्याबद्दल हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा तुपाशी काय संबंध? आणि ज्वारीच्या शेतात दिवसभर राबणारी बाई व मुंबईत कचेरीत बसणारी बाई यांच्यात केवळ आहाराचाच फरक आहे काय?

आमच्या विट्याकडे पाहून एक कल्पनेतील प्रयोग करू या. खानापूर तालुक्यातील शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी भारतभर पांगली आहेत. केरळात गेलेल्यांच्या घरी खोबरेल तेल आले, बंगालात गेलेल्यांच्या घरी मोहरीचे तेल. समजा, पाहणीअंती असे दिसले की बाहेर गेलेल्यांत आणि गावी राहिलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण वेगळे आहे. दोष तेलाला द्याल? पण त्यांचा धंदा बदलला, भट्टीचा धूर आणि आम्लांच्या वाफा आल्या, शेतातली मेहनत सुटली, शहरी राहणी आली. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत पिढीगणिक स्तनांचा कर्करोग वाढत गेला, हे खरोखरीच आढळले आहे. त्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की हा रोग केवळ रक्तातून आलेला नसतो, राहणीचा त्यात मोठा वाटा असतो. पण राहणी म्हणजे फक्त तूप नव्हे.

उलट दिशेचा आलेख

तुपाची बाजू घेणारे आता खूश झाले असतील. त्यांच्यासाठीही एक उदाहरण आहे. पश्चिम रेल्वेचे मुंबईतील मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून १९६७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की हृदयविकाराने होणारे मृत्यू दक्षिण भारतीयांत पंजाबी कर्मचाऱ्यांच्या सुमारे सात पट आहेत. वास्तविक पंजाबी लोक स्निग्धांश कितीतरी अधिक खात, आणि तोही मुख्यतः दूध-तुपाचा. दक्षिणेकडील लोक थोडाच स्निग्धांश खात, आणि तो बियांच्या तेलाचा. पुढे १९७७ साली त्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दलही याच धर्तीचा निबंध लिहिला आणि दूध, ताक-दही, भाज्यांतील चोथा व नीट चावून खाणे यांकडे बोट दाखवले.

तुपाचे कैवारी हा निबंध आजही मोठ्या उत्साहाने पुढे करतात. पण कॅरॉल यांच्या आलेखाला जो आक्षेप आपण घेतला, तोच येथेही घ्यायला नको काय? पंजाबी आणि तमिळ कर्मचाऱ्यांत तुपाखेरीज दुसरे शंभर फरक होते. आपल्याला नको असलेल्या आलेखाला कडक कसोटी आणि हव्या असलेल्या आलेखाला सूट, हे शास्त्र नव्हे. विट्याचा गलाईवाला ओळखीच्या माणसाचे सोनेसुद्धा कसाला लावल्यावाचून घेत नाही. आपणही तसेच करावे.

आणि उंदीर? तेथे तर गंमतच झाली. कॅरॉल यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग केले तेव्हा गाठी वाढवण्यात मक्याच्या तेलासारखी असंपृक्त तेले खोबरेल तेलासारख्या संपृक्त पदार्थांपेक्षा पुढे निघाली. देशांच्या आलेखात दोष प्राणिज स्निग्धांशावर, उंदरांच्या पिंजऱ्यात तो वनस्पती तेलावर! एकाच शास्त्रज्ञाचे हे दोन निष्कर्ष परस्परांशी जुळेनात.

माणसांवरचे प्रयोग

मग एकच गोष्ट बदलून माणसांवरच प्रयोग का करू नये? तसे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे माजी सैनिकांच्या वसतिगृहात ८४६ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीचे जेवण, तर दुसऱ्याला संपृक्त स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेले. काही वर्षांनी तेलाच्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू कमी झालेले दिसले. परंतु १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार कर्करोगाचे मृत्यू तेलाच्या गटात ३१ आणि नेहमीच्या जेवणाच्या गटात १७ होते. तेलानेच कर्करोग होतो की काय?

येथे पदार्थविज्ञानातील एक साधा नियम कामी येतो. योगायोगाने घडणाऱ्या घटना मोजल्या तर त्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार सहज होतो. ३१ आणि १७ यांतील फरक १४. त्यांची बेरीज ४८, आणि तिचे वर्गमूळ जवळजवळ ७. म्हणजे फरक अपेक्षित चढउताराच्या दुप्पट. असा फरक निव्वळ योगायोगानेही वीसांतून एखाद्या वेळी दिसू शकतो. संशय घ्यायला तो पुरेसा, निकाल द्यायला अपुरा. त्याच वर्षी अशा इतर प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा ही वाढ टिकली नाही.

नंतरच्या पाहण्या खूपच मोठ्या झाल्या. अमेरिकेतील ८९,५३८ परिचारिकांच्या पाहणीचा निष्कर्ष १९८७ साली आला : स्निग्धांश जास्त खाणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग जास्त दिसला नाही. १९९६ साली अशा सात पाहण्या एकत्र करून ३,३७,८१९ स्त्रियांचे आकडे तपासले, तेव्हाही संबंध आढळला नाही. याउलट २०१४ साली युरोपातील दहा देशांच्या पाहणीत, तीनेक लाख स्त्रियांमध्ये, संपृक्त स्निग्धांश सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात स्तनांच्या कर्करोगाचा एक विशिष्ट प्रकार काहीसा अधिक दिसला. म्हणजे वाद मिटला असे म्हणता येत नाही.

अशा पाहण्यांतली एक अडचण तुम्ही स्वतः अनुभवू शकाल. लोक काय खातात हे प्रश्नावली देऊन विचारतात. ‘गेल्या वर्षी तुम्ही आठवड्यातून किती वेळा लोणी खाल्ले?’ तुम्हाला तरी सांगता येईल काय? आता लंबकाचा प्रयोग आठवा. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ रेषा येतो. समजा लांबी मोजायची पट्टीच सैल आहे, कधी पाच सेंटिमीटर जास्त दाखवते तर कधी कमी. बिंदू आडवे विखुरतील आणि रेषेचा चढ खऱ्यापेक्षा कमी दिसेल. पट्टी फारच सैल असेल तर रेषा आडवी होऊन ‘लांबीचा आवर्तकालाशी संबंध नाही’ असा निष्कर्ष निघेल! म्हणून ‘संबंध आढळला नाही’ हे वाक्यही जपूनच वाचावे लागते.

या सर्वांवर उपाय म्हणून अमेरिकेत ४८,८३५ प्रौढ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून एका गटाला कमी स्निग्धांशाचा आहार शिकवला. सरासरी आठ वर्षांनी, २००६ साली निष्कर्ष आला : त्या गटात स्तनांचा कर्करोग ९ टक्के कमी. पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. पुढे वीसेक वर्षांपर्यंतचे आकडे २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या गटात २१ टक्के कमी दिसले. मग तूप दोषी ठरले काय? त्या गटाने केवळ संपृक्त नव्हे तर एकूणच स्निग्धांश कमी केला होता, भाज्या, फळे व धान्य वाढवले होते, आणि त्यांचे वजनही थोडे उतरले होते. पुन्हा तीच गोष्ट : ताटातून एक वस्तू काढली की तिच्या जागी दुसरी येतेच.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीच्या कारखान्यात तुपाला स्वस्त पर्याय म्हणून वनस्पती तूप तयार होऊ लागले. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करीत. त्या क्रियेत उरलेले काही दुहेरी बंध उलटे वळत आणि साखळ्या सरळ होत. ही ‘ट्रान्स’ मेदाम्ले हृदयाला संपृक्ताहूनही वाईट, हे कळायला कित्येक दशके लागली. भारतात त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ पासून. म्हणून ‘हे खाऊ नका’ असे कोणी सांगितले की लगेच विचारा : ‘मग त्याऐवजी काय?’

मग काय मानावे?

काही मित्र म्हणतील, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तर आम्ही हवे ते खाऊ. हा निष्कर्ष चुकीचा आहे. वादात नसलेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. हृदयविकाराच्या बाबतीत संपृक्त स्निग्धांशाविरुद्धचा पुरावा कर्करोगापेक्षा बराच भक्कम आहे, आणि तो रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्टातून ४. खाणे जास्त आणि हालचाल कमी झाली की वजन वाढते, आणि अतिलठ्ठपणाचा तेरा प्रकारच्या कर्करोगांशी संबंध आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१६ साली जाहीर केले. ते वजन तुपाने वाढले की तेलाने, याचा हिशेब शरीर ठेवत नाही.

आपल्या भागातील शेंगांचेच पाहा. ओल्या जागी साठवलेल्या शेंगांना एक बुरशी लागते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याने यकृताचा कर्करोग होतो, याबद्दल वाद नाही. दाण्याच्या तेलातील संपृक्त अंश किती यावर तासभर भांडणारे लोक बुरसट दाणे निवडून फेकत नाहीत, उलट घाण्याला घालतात! आणि तंबाखू? मिश्री, मावा, गुटखा, विडी यांनी कर्करोग होतो हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रस्त्याकडेच्या पुड्या काय सांगतात ते तुम्ही रोज पाहता. तोंडात माव्याचा तोबरा धरून तुपाच्या धोक्यांवर व्याख्यान देणे, याला काय म्हणावे?

या वादाने होणारे खरे नुकसान मला याहून वेगळे दिसते. एखाद्या बाईच्या स्तनात गाठ लागली की घरचे तिचे तूप बंद करतात, तेल बदलतात, घाण्याचे तेल आणतात आणि वाट पाहतात. वर ‘तुझ्या खाण्यानेच झाले’ असा ठपकाही तिच्यावर येतो. असा ठपका ठेवण्याइतका पुरावा जगातील कोणत्याही शास्त्रज्ञाजवळ नाही. आणि वाट पाहण्यात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत. बार्शीच्या नोंदवहीतील कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत. तूप खा की तेल, हा त्यांचा विषय नव्हता. तेवढ्यानेच काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले. आहारावरच्या शंभर निरोपांपेक्षा हे काम मला मोठे वाटते.

शेवटी तुमच्यासाठी एक छोटासा अभ्यास. घरात महिन्याला किती तेल-तूप येते ते मोजा. पाच माणसांत महिन्याला तीन किलो लागत असेल तर दरडोई दररोज २० ग्रॅम, म्हणजे सुमारे १८० किलोकॅलरी झाल्या. मग त्यातून पाहुण्यांचे, तळणात उरलेले, दिव्याला घातलेले वजा करा, आणि बाहेर खाल्लेली भजी, फरसाण, बिस्किटे मिळवा. हिशेब किती अवघड आहे ते कळेल. आणि यापुढे ‘अमुक खाल्ल्याने कर्करोग होतो’ किंवा ‘तमुक खाल्ल्याने बरा होतो’ अशी बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. हे कोणावर पाहिले : उंदरांवर, देशांवर की माणसांवर? खाणे कसे मोजले? दुसरे काय काय बदलले होते? आणि फरक योगायोगापेक्षा मोठा आहे काय?

पुरणपोळीवरची तुपाची धार चालू द्या, धार मात्र धारच असू द्या. आणि घरात कोणाला गाठ लागली, तोंडातला चट्टा बरा होईना, तर तुपावर चर्चा न करता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. एवढे तुम्ही सहज करू शकता.